पनीरचं पाणी गाईला पाजलं तर?

घरी पनीर करताना कधी पाहिलंय? उकळत्या दुधात लिंबू पिळलं, की दूध फाटतं! पांढरा गोळा फडक्यात राहतो. खाली उरतं हिरवट पाणी. १ लिटर दुधातून पनीर निघतं जेमतेम २०० ग्रॅम. बाकी बहुतेक सगळं हे पाणीच!

मोरीत ओतताय? थांबा, थांबा! त्यात काय लपलंय, ओळखा बरं!

दुधातली बरीचशी साखर! थोडी प्रथिनं! कॅल्शियमसारखे क्षार! आणि तो हिरवट रंग? तो ब-२ जीवनसत्त्वाचा!

आता चला परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गोठ्यात. समोर उभी आहे ‘लाल कंधारी’ जातीची तांबडी गाय. हे पाणी पेंडीत, भुशात कालवून तिच्यापुढं ठेवलं तर?

तिच्या पोटाला चार कप्पे असतात. सगळ्यात मोठ्या कप्प्यात राहतात अब्जावधी सूक्ष्मजीव! डोशाचं पीठ रात्रभर कसं आंबतं? तसंच ते पाण्यातली साखर आंबवतात. साखरेची होतात आम्लं.

आणि खरी गंमत तर पुढंच! त्यातल्या एका आम्लापासून गाईचं यकृत पुन्हा साखर बनवतं. ती रक्तातून कासेत जाते आणि तिथं दुधातली साखर तयार होते. म्हणजे दुधातली साखर मोडली, तिचं आम्ल झालं, आणि फिरून दुधातच आली! आहे की नाही कमाल?

पण हं, एकदम बादलीभर पाजायचं नाही! साखर फार झाली, की पोटात आम्ल वाढतं आणि गाय आजारी पडते. सुरुवात थोड्यानं करायची. पाणीही ताजंच हवं. परभणीच्या उन्हाळ्यात ते लगेच नासतं!

इटलीत तर पार्मा भागात चीज करताना उरलेलं असं पाणी डुकरांना पाजतात. तिथल्या शेतकऱ्यांची ही जुनीच रीत!

हेच पाणी नाल्यात गेलं तर? तिथले सूक्ष्मजीव त्यावर ताव मारतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग मासे गुदमरतात!

तेव्हा घरी गाय असेल, तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, किती द्यायचं ते. परभणीत तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे! आणि गाय नसेल, तर आईला सांगा, "या पाण्यात कणीक मळ." पोळ्या मऊ होतात. करून बघा!