नगरचा मिलिगन

पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत नगरकडून आलेली माणसं पुष्कळ. त्यांचा एक गाववाला ब्रिटिश रेडिओवर राज्य करून गेला, हे त्यांना सांगावं असं मला कितीतरी वर्षं वाटत आलंय. टेरेन्स ऊर्फ स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ला नगरात जन्मला. वडील आयरिश, ब्रिटिश तोफखान्यात नोकरीला, आई इंग्लिश. शाळेची सुरुवात पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात, मग रंगून आणि पुढे मंदीतलं लंडन.

मे १९५१मध्ये बीबीसीवर सुरू झालेला 'द गून शो' जानेवारी १९६०पर्यंत चालला. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम्ब यांचे आवाज गाजले, पण बहुतेक संहिता मिलिगनच्या. दर आठवड्याच्या लिखाणाने १९५२च्या अखेरीस त्याचं मन पार कोलमडलं आणि त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. 'गून शो'मधला मेजर ब्लडनॉक मला फार आवडतो: भित्रा, पैशाला हपापलेला, रश्शाने पोट बिघडलेला साहेब. हा मेजर लंडनमध्ये सुचलेला नाही, असं माझं ठाम मत आहे. लष्करी वस्तीत वाढलेल्या पोराने असे साहेब घरात आणि मैदानावर जवळून पाहिले असणार. साम्राज्याची एवढी मनमोकळी टर त्या काळी दुसऱ्या कुणी क्वचितच उडवली असेल.

मला खरं खेचून घेतलं ते त्याच्या पासपोर्टाच्या भांडणाने. महायुद्धात हा ब्रिटिश तोफखान्यातून उत्तर आफ्रिका आणि इटलीत लढला. जानेवारी १९४४मध्ये माँटे कॅसिनोच्या आघाडीवर जखमी झाला. तरीही जन्म भारतातला, बाप आयर्लंडचा, म्हणून ब्रिटिश नागरिकत्वावरचा त्याचा आपसूक हक्क कायद्याने गेला. ज्या देशाच्या सैन्यात रक्त सांडलं, त्याच देशाशी निष्ठेची शपथ आता नव्याने कशाला, असं म्हणून तो अडून बसला आणि १९६२मध्ये वडिलांच्या नात्याने आयरिश नागरिक झाला. म्हणूनच २००१मध्ये मिळालेला 'सर'चा किताबही मानद ठरला. नावाआधी 'सर' लावायची मुभा नव्हती. ही वागणूक मला आजही अन्यायाचीच वाटते.

पण १९६९मध्ये हाच माणूस 'करी अँड चिप्स' या दूरचित्रवाणी मालिकेत तोंडाला काळपट रंग फासून आयरिश-पाकिस्तानी कामगार झाला. कथा कारखान्यातली, लेखक जॉनी स्पाइट. स्थलांतरितांवरच्या शिव्यांची नुसती खैरात. नियामकांच्या नाराजीनंतर सहा भागांत ती बंद झाली. स्पाइटचा दावा असा की थट्टा वर्णद्वेष्ट्यांचीच आहे. मला तो पटत नाही. जन्मगावापायी स्वतः परका ठरवला गेलेल्या माणसाने परगावाहून पोटासाठी आलेल्या कामगाराचं सोंग हशासाठी वठवावं, याला माझ्यापाशी माफी नाही.