ऑल्दो आणि बट एकत्र का नको?



इंग्रजी शिकणारी कोरियन मुले पुष्कळदा असे वाक्य लिहितात : 'ऑल्दो इट रेन्ड, बट वुई प्लेड.' हा काही निष्काळजीपणा नव्हे. कोरियन भाषेत जोडणारा प्रत्यय पहिल्या वाक्याच्या क्रियापदाला शेवटी चिकटतो. 'पण'साठी 'जिमान' लागतो. सुरुवातीला 'बिरोक' म्हणजे 'जरी' आला, तरी शेवटी 'जिमान' येतो. म्हणजे तिथे जोडीच असते.

आता आपली मराठी बघा : 'जरी पाऊस पडला, तरी आम्ही खेळलो.' इथेही जोडीच ना! म्हणून आपली मुलेही नेमके तिथेच अडखळतात. 'बिकॉज' आणि 'सो'चेही तसेच.

इंग्रजीत दोन वाक्ये जोडायला एकच उभयान्वयी अव्यय पुरते. ऑल्दो घ्या किंवा बट घ्या.

वर्गात करून बघा : दोन वाक्यांच्या दोन पट्ट्या आणि अव्ययांची कार्डे ठेवा. नियम एकच, जोडायला एकच कार्ड उचलायचे.

आणि हो, लाल शाईची रेघ मारण्याआधी मुलाला विचारा, 'हे तू घरच्या भाषेत कसं म्हणशील?' चुकीचे कारण कधी कधी तिथेच सापडते.