पादचाऱ्याने चालावे कोठे?

गणेशचतुर्थीच्या आधीच्या दोन-चार दिवसांत वाळपईच्या बाजारात ज्याने पाऊल ठेवले असेल, त्याला वाहतुकीचा प्रश्न निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. सत्तरीच्या रानावनांतून माटोळीचे सामान घेऊन आलेल्या बाया रस्त्याच्या कडेला बसलेल्या. पुढ्यात तोरंजने, कवंडाळे, घागऱ्या, सुपाऱ्यांचे घोस. गिऱ्हाईक वाकून भाव करीत असते आणि त्याच्या पाठीला घासून दुचाकी निघून जाते. अर्थात त्या दिवसांत गर्दीच चालकाला आवरते. खरा धोका एरव्हीच्या मोकळ्या दुपारी.

त्यात आता भ्रमणध्वनीची भर पडली आहे. मान खाली घालून, पडद्यावर नजर खिळवून रस्ता ओलांडणारा तरुण सत्तरीतही दुर्मीळ राहिलेला नाही. हिशेब साधा आहे. ५ सेकंद पडद्याकडे पाहत चालणारा माणूस सुमारे ६ मीटर, म्हणजे जवळजवळ सारा दुपदरी रस्ता, न पाहता ओलांडतो. तेवढ्यात ताशी ४० किलोमीटर वेगाचे वाहन ५५ मीटर पुढे आलेले असते. चालकाची नजरही पडद्यावरच असली, तर मग बोलायलाच नको!

तथापि सारा दोष पादचाऱ्याच्या माथी मारून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. होनोलुलू शहराने २०१७ साली पडद्याकडे पाहत रस्ता ओलांडणाऱ्यास दंड ठरविला. येथे तसा दंड सुचविणाऱ्यांनी आधी पादचाऱ्याला चालण्यास जागा दाखवावी. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. ते सगळेच का मान खाली घालून चालत होते?

पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. तो हक्क वाळपई, होंडा, डिचोलीच्या पादचाऱ्यालाही आहे. पण पदपथ असेल तेथे त्यावर दुचाकी उभी, नसेल तेथे गटाराची कड, ही आपल्या बाजारपेठांची जुनी रीत. दुकानदाराला फळी पुढे सरकवायची असते, गिऱ्हाईकाला गाडी दारातच लावायची असते आणि दोघांची मते सर्वांनाच हवी असतात.

पदपथ मोकळे करण्यास फार मोठा निधी लागत नाही; वाईटपणा घेण्याची तयारी लागते. निदान शाळा सुटण्याच्या वेळी बाजारात एक वाहतूक पोलीस उभा राहिलाच पाहिजे. पदपथ नाही तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चालावे, हे मुलांना वर्गात नव्हे, रस्त्यावर नेऊन शिकवावे. पालकांनीही सोबत यावे, भ्रमणध्वनी खिशात ठेवून.