विंडोज टाकताना संगणक बंद पडतो तेव्हा

घरी जोडलेल्या संगणकावर विंडोज टाकताना निळा पडदा आला की दोष सहसा पेनड्राइव्हला दिला जातो. अनेकदा खरे कारण रॅम (तात्पुरती स्मृती) असते. विंडोजच्या दाबून साठवलेल्या फायली रॅममध्ये उलगडतात. तिथे एक बिट बदलला तरी फाइल बिघडते. पोळपाट डगमगत असेल, तर पीठ कितीही चांगले मळले तरी पोळी नीट लाटली जात नाही, तसेच हे. असा बिट बदलण्याचे एक कारण म्हणजे रॅमचा वाढवलेला वेग. डीडीआर४ रॅमचा प्रमाणित वेग ३२०० पर्यंतच असतो. वेष्टनावरचा ३६०० हा एक्सएमपीने (वाढीव वेगाची तयार मांडणी) मिळतो आणि तो प्रत्येक प्रोसेसरला पेलतोच असे नाही. म्हणून बायोसमध्ये एक्सएमपी बंद करावे, रॅमची एकेक पट्टी लावून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवावे. एकही चूक दिसली तर पट्टी किंवा खाच बदलावी. मगच पेनड्राइव्ह आणि एसएसडी तपासावेत.