गिटारचा ध्वनिवर्धक

विजेवरची गिटार घरात आली की बेळगाव-निपाणीकडचा तरुण ध्वनिवर्धकासाठी बहुधा मंडपवाल्याकडे धाव घेतो. गणेशोत्सवात आणि प्रचारसभांत गाजलेले यंत्र तेथे तयारच असते. आवाज मोठा येतो, पण रॉक संगीतातील तो घोगरा, लांबत जाणारा सूर काही येत नाही. मग दोष बिचाऱ्या बोटांना दिला जातो! वस्तुतः दोष जोडणीचा असतो.

सभेच्या ध्वनिवर्धकाचे काम म्हणजे वक्त्याचा आवाज न बदलता मोठा करणे. रॉक वादकाला तो बदललेलाच हवा असतो. शिवाय गिटारच्या तारांखालील चुंबकी वेटोळ्यांना सुमारे 10 लक्ष ओहम रोधाची जोडणी लागते. माइकच्या कमी रोधाच्या जागी वायर खोचली की सुराची धार बोथट होते. फाटलेला सूर कर्ण्यातून तर असह्य कर्कश ऐकू येतो. गिटारच्या पेटीतील 12 इंची स्पीकर सेकंदाला सुमारे 5,000 कंपनांच्या वर फारसा बोलत नाही, आणि हीच त्याची मोठी सेवा होय.

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. 1962 साली तेथे अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या यंत्राच्या धर्तीवर एक नवे यंत्र तयार झाले. जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह त्यात होते. ते ताकदीबाहेर ताणले की आवाज एकदम न तुटता हळूहळू चेपत फाटतो. कारागिराच्या लेखी हा दोष. वादकांनी त्यालाच अलंकार केले.

यातूनच निवडीचे सूत्र निघते. जुन्या धर्तीचे 100 वॅटचे व्हॉल्व्ह-यंत्र घरात ताणताच येत नाही. वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटावयास सुमारे दहापट वॅट लागतात. म्हणून खोलीतील सरावासाठी 5 वॅटचे व्हॉल्व्ह-यंत्र पुरेसे होय, आणि ड्रमच्या साथीला 15 ते 30 वॅटचे. 2000 सालच्या नियमांनी निवासी भागाला दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, ती शेजाऱ्यांना ठाऊक असते. व्हॉल्व्ह महाग, जड आणि नाजूक. तेव्हा शिकणाऱ्याने व्हॉल्व्हची नक्कल करणारे साधे डिजिटल यंत्र घेण्यात काहीच कमीपणा नाही.

खरेदीसाठी बेळगावास वा कोल्हापुरास जाताना आपली गिटार बरोबर न्यावी. आवाज फाटलेला ठेवून एकाच वेळी अनेक तारा छेडाव्यात. स्वर निरनिराळे ऐकू आले पाहिजेत, नुसता गलका नव्हे. मग गिटारवरील आवाजाची कळ उतरवावी. सूर निवळला तर यंत्र चांगले समजावे.

मात्र पेटी कितीही उत्तम असली तरी सभागृहातील वीजजोडणी प्रथम वायरमनकडून तपासून घ्यावी. गिटारच्या तारा यंत्राच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे 1972 साली वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. गिटार हाती असताना त्याने अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श केला होता. यंत्राच्या तीन पायांच्या प्लगमधील अर्थिंगचा जाड पाय काढून तो दोन भोकांच्या खोबणीत बसविण्याची खटपट कोणी करू लागल्यास त्याला तेथेच थांबवावे.