पाणी आधी वावरात अडवा

कोरडवाहू शेतीच्या चर्चेत पाऊस किती पडला याची मोजदाद होते. तो वावरात किती मुरला, हे फारसे विचारले जात नाही. एका हेक्टरवर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे अडीच लाख लिटर पाणी. मशागत आणि पेरणी उताराच्या दिशेने असेल, तर तिफणीचे प्रत्येक तास या पाण्याला पन्हळीसारखी वाट करून देते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ऊर्जा चौपट होते, आणि पहिल्यांदा जाते ती वरची बारीक, कसदार माती. सोलापूर-बीडकडच्या कित्येक माळरानांवर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. तिथे एक सेंटिमीटर थर गेला तर हेक्टरी शंभर घनमीटर माती गेली, आणि पुढच्या प्रत्येक पावसाची ओल धरणारी जागाही कायमची गेली. पाऊस सरासरीइतका पडूनही ज्वारी कणसात येताना सुकते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. नाला खोलीकरणाने विहिरींना पाणी वाढते, हे खरे; पण ज्याला विहीरच नाही, त्याच्या पिकाला ओल मिळते ती स्वतःच्या मातीतूनच.

उताराला आडवी नांगरट, आडवी पेरणी, शेवटच्या कोळपणीनंतर काही ओळींआड मृत सरी आणि रब्बीच्या रानात पावसाळ्यातच पाडलेले बंदिस्त वाफे, या उपायांना जमीन जवळजवळ द्यावी लागत नाही आणि खर्चही थोडा. आक्षेप मात्र खोटे नाहीत. बांधांचा अनुभव कडू आहे: 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्यानंतर समतल बांध मोठ्या प्रमाणावर घातले गेले, भारी काळ्या रानात त्यांच्यामागे पाणी तुंबले, उन्हाळ्यात भेगा पडून ते फुटले. तो दोष एकच माप सगळ्या जमिनींना लावण्याचा होता. भारी जमिनीत रुंद वरंबा-सरी करून जादा पाणी संथपणे बाहेर काढावे, हलकीत ते जागीच मुरवावे. दुसरी अडचण अधिक अवघड आहे. वाटण्यांनी रानाच्या उभ्या चिंचोळ्या पट्ट्या झाल्या. आडवी पाळी घालायची तर ट्रॅक्टरला सारखे वळावे लागते, डिझेल वाढते. एकट्याने हे परवडत नाही. शेजारच्या चार-पाच पट्ट्यांनी मिळून एकाच ट्रॅक्टरने आडवी पेरणी केली तर परवडते. सरकारी अनुदान यंत्राच्या तासांवर न देता अशा एकत्र पेरणीला द्यावे, आणि शेजाऱ्यांनी त्याची बोलणी मृगापूर्वीच उरकून घ्यावीत.