बार्सिलोनात उतरावे कुठे?

बार्सिलोनाला जायचे ठरले, विमानाची तिकिटे निघाली, की घरात पहिला खल होतो तो उतरायचे कुठे याचा. नकाशा उघडल्यावर उत्तर सोपे वाटते. प्लासा कातालुन्यापासून बंदराकडे उतरत जाणारा राम्ब्ला हा सव्वा किलोमीटरचा प्रसिद्ध रस्ता, त्याच्या एका हाताला बारी गोतिक, दुसऱ्या हाताला रावाल, या जुन्या शहरातल्या वस्त्या. प्रवासाची पुस्तके इथूनच सुरू होतात, म्हणून बहुतेक जण हॉटेलही इथेच धरतात. माझे मत याच्या उलट आहे. जुन्या शहरात रोज जावे, मनसोक्त फिरावे, पण मुक्कामाला एशाम्प्ला ही त्याच्या वरच्या अंगाची वस्ती निवडावी. त्यातही पासेच दे ग्रासिया या हमरस्त्याच्या पूर्वेकडचा भाग किंवा पश्चिमेच्या टोकाचे सांत आंतोनी बरे. ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट नाही. हे शहर ज्या पद्धतीने वाढले त्यातच याची कारणे आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बार्सिलोना तटबंदीच्या आत कोंडलेले होते. तटाबाहेर तोफेच्या टप्प्यात बांधकाम करायला लष्कराची मनाई होती. गिरण्या वाढल्या, माणसे वाढली, पण जागा तेवढीच राहिली. मग घरांवर मजले चढत गेले, बोळ अरुंद होत गेले आणि कॉलऱ्याच्या साथी पुन्हा पुन्हा येत राहिल्या. 1854 मध्ये तट पाडायला सुरुवात झाली. इल्देफोन्स सेर्दा या स्थापत्य अभियंत्याने कामगारांच्या घरांची बारकाईने पाहणी केली आणि माणसे कशी राहतात, किती भाडे भरतात, कोणत्या वयात मरतात याचे आकडे मांडले. त्या आकड्यांतून त्याने नव्या शहराचा आराखडा काढला आणि तो 1859 मध्ये माद्रिदच्या सरकारने मंजूर केला. 113 मीटर लांबी-रुंदीचे चौरस ठोकळे, मध्ये 20 मीटर रुंदीचे रस्ते, त्यातले दोन्ही बाजूंचे पाच-पाच मीटर पायी चालणाऱ्यांसाठी आणि प्रत्येक चौकात इमारतींचे कोपरे तिरके कापलेले. ठोकळ्यांची दिशाही अशी धरली की प्रत्येक बाजूला दिवसातून कधीतरी ऊन मिळावे. पुढे जमीनमालकांनी हा आराखडा बराच दाबून भरला. सेर्दाला हव्या असलेल्या मधल्या बागांच्या जागी गोदामे आणि कारखाने आले. तरीही उजेड, वारा आणि चालायला जागा या तीन गोष्टी एशाम्प्लात टिकून राहिल्या आणि दमूनभागून परतलेल्या पाहुण्याला नेमक्या त्याच हव्या असतात. जुन्या शहराच्या कित्येक गल्ल्यांत टॅक्सी दारापर्यंत जात नाही. दगडी फरशीवरून बॅगा ओढत पत्ता शोधावा लागतो आणि रात्री खाली चाललेले बोलणे समोरासमोरच्या भिंतींवर आपटत चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येते.

‘पण सगळे बघायचे तिथेच आहे ना?’ हा पहिला आक्षेप, आणि तो नकाशापुढे टिकत नाही. बार्सिलोनाचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे वास्तुकार गाउदीच्या इमारती. 1882 मध्ये सुरू झालेले आणि पुढच्याच वर्षी गाउदीने हाती घेतलेले साग्रादा फामिलिया हे चर्च एशाम्प्लात आहे. कासा बात्यो आणि कासा मिला पासेच दे ग्रासियावर म्हणजे एशाम्प्लातच आहेत. पार्क ग्वेल त्याहून वर, ग्रासियाच्या टेकडीवर आहे. जुने शहर खाली समुद्राकडे आणि मोंजुईकची टेकडी नैऋत्येला. म्हणजे बघण्याची ठिकाणे एका जागी नाहीतच, ती चारी दिशांना विखुरली आहेत. अशा वेळी कोणत्याही एका ठिकाणाला खेटून राहण्यापेक्षा सगळ्यांच्या मधोमध, जिथे मेट्रोचे मार्ग एकमेकांना छेदतात तिथे राहण्यात शहाणपण आहे. पासेच दे ग्रासिया स्थानकाचाच हिशेब मांडून बघा. तिथून जांभळ्या दोन नंबरच्या मार्गाने साग्रादा फामिलिया तिसरे स्थानक. हिरव्या तीन नंबरने पार्क ग्वेलच्या पायथ्याचे लेसेप्स तिसरे. पिवळ्या चार नंबरने बारी गोतिकच्या कडेचे जाउमे प्रिमेर दुसरे आणि किनाऱ्याजवळचे बार्सेलोनेता तिसरे. मोंजुईकवर जाणारी फ्युनिक्युलर जिथून सुटते ते पाराल-लेल हिरव्या मार्गावर उलट दिशेला चौथे. याच स्थानकात विमानतळावरच्या दोन नंबरच्या टर्मिनलहून येणारी लोकल गाडीही थांबते. एक सूचना मात्र ध्यानात ठेवावी. इथे हिरव्या मार्गावरून बाकीच्या दोन मार्गांवर जायला जमिनीखालचा लांबलचक बोगदा तुडवावा लागतो. सोबत आईवडील असतील तर गाडी बदलण्यासाठी दुसरे स्थानक बघावे. मेट्रो रविवार ते गुरुवार मध्यरात्रीपर्यंत, शुक्रवारी दोनपर्यंत आणि शनिवारी रात्रभर चालते. त्यामुळे नऊच्या पुढे जेवायला बसणाऱ्या या शहरात उशीर झाला तरी परतीची फारशी चिंता नसते.

एशाम्प्ला म्हटले की झाले, असेही नाही. आरागो या रस्त्यावर दिवसभर वाहनांचा लोंढा असतो आणि त्या बाजूच्या खिडकीत झोप लागणे कठीण. याउलट कोन्सेल दे सेंत या रस्त्याचा मोठा पट्टा 2023 मध्ये पादचाऱ्यांना मोकळा करून दिला, तिथे झाडांखाली बाके आहेत. खोली ठरवताना विचारायचा प्रश्न असा की खिडकी रस्त्याकडे आहे, आतल्या चौकाकडे आहे, की नुसत्या हवेच्या झरोक्याकडे. ठोकळ्याच्या पोटातला चौक शांत असतो. झरोक्याकडची खोली स्वस्त मिळते, पण तिथे दुपारीही दिवा लावावा लागतो. हे चौक आतून कसे असतात ते बघायचे तर रोजेर दे युरिया रस्त्यावरच्या एका बोळातून आत शिरावे. पूर्वी आसपासच्या घरांना पाणी पुरवणारा विटांचा जलमनोरा तिथे उभा आहे. नगरपालिकेने त्याच्याभोवतीचा चौक बाग म्हणून खुला केला असून उन्हाळ्यात तिथे मुलांसाठी उथळ तलाव भरतात. मजल्यांचा हिशेबही समजून घ्यायला हवा. या भागातल्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर एंत्रेस्वेलो हा मजला, त्यावर मालकाच्या कुटुंबाचा प्रिन्सिपाल आणि मग कुठे ‘पहिला’ मजला सुरू होतो. म्हणजे पत्त्यात तिसरा मजला लिहिला असेल तर आपल्या मोजणीने तो पाचवा भरतो. छोटी, घरगुती पेन्शन म्हणजे अतिथिगृहे याच वरच्या मजल्यांवर असतात. लिफ्ट आहे का आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हॉटेलाच्या ताऱ्यांपेक्षा ही माहिती मोलाची आहे.

जुन्या शहराच्या वातावरणाचे काय, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. दगडी कमानी, कॅथेड्रलच्या पायऱ्या, अचानक उघडणारे चौक, हे सारे एशाम्प्लाच्या सरळ रेघांत सापडत नाही आणि त्याची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. पण हे वातावरण कोणत्या वेळी भेटते, हे बघायला हवे. भर दुपारी आणि संध्याकाळी बारी गोतिकमध्ये गर्दी इतकी दाटते की भिंतीवरचे कोरीवकाम बघायला थांबता येत नाही. राम्ब्लावर आणि मेट्रोत खिसेकापूंपासून जपावे लागते, आणि रात्री पिणाऱ्यांचे घोळके पांगेपर्यंत कचरा उचलणाऱ्या गाड्या येतात. या वस्तीचे खरे सौंदर्य सकाळी आठच्या सुमारास दिसते, आणि एशाम्प्लाच्या खालच्या कडेला राहणारा माणूस त्या वेळेला पंधरावीस मिनिटांत पायी तिथे पोहोचतो. शिवाय इथले ‘मध्ययुग’ वाटते तितके जुने नाही. कॅथेड्रलची दर्शनी बाजू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहे आणि ज्याची छायाचित्रे सर्वाधिक निघतात तो बिस्बे गल्लीवरचा नक्षीदार पूल 1928 चा. त्यामुळे तो कमी देखणा ठरत नाही. फक्त गोतिकच्या भिंतींआड झोपले म्हणजेच जुन्या बार्सिलोनाची भेट होते, ही समजूत सोडावी. जे एकटे आहेत, तरुण आहेत, रात्री उशिरापर्यंत जागणार आहेत आणि ज्यांच्याजवळ पाठीवरच्या पिशवीखेरीज सामान नाही, त्यांनी जुन्या शहरातल्याच एल बोर्नमध्ये खुशाल उतरावे.

बाकीच्या वस्त्यांबद्दल थोडक्यात. ग्रासिया 1897 पर्यंत वेगळे गाव होते आणि ते गावपण अजून जाणवते. दुसऱ्यांदा जाणाऱ्यांना ते फार आवडेल, फक्त रात्री गजबजणाऱ्या चौकांवरची खोली टाळावी. बार्सेलोनेता 1753 मध्ये वसवलेली कोळी-खलाशांची वस्ती. घरे लहान, मेट्रोचा एकच मार्ग आणि उन्हाळ्यात गोंगाट. समुद्रस्नान हाच मुख्य हेतू असेल तर जुन्या गिरणगावातून घडलेले पोब्लेनोऊ अधिक ऐसपैस आहे. पुढे माद्रिद किंवा सेव्हिल गाठायचे असेल तर सांत्स स्थानकाचा परिसर सोयीचा. वेगवान गाडीने माद्रिद अडीच-तीन तासांचे अंतर आहे. पैशांची ओढ असेल तर शेजारच्या ओस्पितालेत शहरात मेट्रोच्या जवळ राहणे पटण्यासारखे आहे. मात्र मेट्रो नसलेल्या महामार्गाकडेच्या हॉटेलात वाचलेले पैसे टॅक्सीत आणि वेळेत जातात. खर्च धरताना माणशी दर रात्रीचा पर्यटनकर वेगळा धरावा. तो राहण्याच्या प्रकारानुसार बदलतो आणि 16 वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ असतो.

शाकाहारी कुटुंबे स्वयंपाकघरासाठी भाड्याचा फ्लॅट शोधतात. ही अडचण खरी आहे, पण वाटते तेवढी मोठी नाही. एशाम्प्लात 1888 चा कोन्सेप्सियो बाजार आहे, सांत आंतोनीचा लोखंडी मंडई-वाडा दीर्घ दुरुस्तीनंतर 2018 मध्ये पुन्हा उघडला आहे आणि दोन्हीकडे फळे, चीज, ऑलिव्ह, ताजा पाव सहज मिळतो. टोमॅटो चोळलेला पाव आणि वांगी-मिरच्या भाजून केलेली एस्कालिवादा हे इथले रोजचे खाणे आहे. एस्कालिवादावर कधीकधी अँचोव्ही मासे ठेवतात, तेवढे आधी विचारावे. डाळ, पीठ, मसाले हवे असतील तर सांत आंतोनीला लागून असलेल्या रावालमध्ये पाकिस्तानी आणि बांगलादेशी दुकानदारांची रांग आहे. स्वयंपाकघर अगदी हवेच असेल तर परवानाधारक अपार्टमेंट-हॉटेले आहेत.

आणि इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. लोक राहतात त्या वस्तीत पाहुण्यांनी घुसायचे, मग लोकांनी जायचे कुठे? बार्सिलोनाची लोकसंख्या सुमारे 17 लाख. महापौर जाउमे कोलबोनी यांनी जून 2024 मध्ये सांगितले की शहरातली घरभाडी दहा वर्षांत 68 टक्क्यांनी वाढली, आणि पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या 10,101 फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर 2028 नंतर नूतनीकरण न करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतरच्याच महिन्यात निघालेल्या मोर्चात काही जणांनी उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. एशाम्प्लाही या ताणातून सुटलेला नाही, उलट असे फ्लॅट तिथे पुष्कळ आहेत. म्हणून माझ्या सल्ल्याला एक अट जोडलेली आहे. वस्ती एशाम्प्लाची घ्या, पण राहा हॉटेलात किंवा पेन्शनमध्ये. ती जागा पाहुण्यांसाठीच चालते, तिथे राहिल्याने कुणाचे घर भाड्याच्या बाजारातून उठत नाही. कॅटलोनियातल्या पर्यटक-फ्लॅटांच्या परवान्याचा क्रमांक बार्सिलोनात ‘एचयूटीबी’ या अक्षरांनी सुरू होतो आणि जुलै 2025 पासून ऑनलाइन जाहिरात करणाऱ्या अल्पमुदतीच्या घरांना राष्ट्रीय नोंदणी क्रमांकही बंधनकारक आहे. नातेवाइकांच्या मोठ्या गटासाठी फ्लॅट घ्यावाच लागला, तर हे क्रमांक जाहिरातीत दिसल्याशिवाय एक युरोही पुढे करू नका.